रिकाम्या खुर्च्यांची सभा

रिकाम्या खोलीत मोठ्यानं बोलायची पहिल्यांदा फार लाज वाटते. दुसऱ्यांदा त्याहून जास्त, कारण पहिल्यांदाचं सगळं आठवत असतं. तिसऱ्यांदा मात्र माणूस निर्ढावतो. निदान मी तरी निर्ढावले. खुर्च्या गोल मांडायच्या, त्यातल्या एकीवर बसायचं, गटाचं प्रास्ताविक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं आणि समोरच्या खुर्चीकडे बघून म्हणायचं, "नमस्कार. मी एक आई आहे आणि मला खाणं आवरत नाही."

खुर्ची काही बोलत नाही. पण आमच्यात तसंही कोणी काही बोलत नाही. तो नियमच आहे. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला नाही, शाबासकी नाही आणि 'अगं, मग तू असं का नाही करत' हे तर मुळीच नाही. तसं पाहिलं तर आमच्या गटाला खुर्च्यांइतके चांगले सभासद कधी मिळालेच नाहीत.

दारू सोडणाऱ्यांचे गट असतात ना, एकमेकांच्या आधारानं दारू सोडतात, तसाच हा खाणाऱ्यांचा. बारा पायऱ्या त्याच. पहिली पायरी म्हणजे याच्यापुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं. फरक एवढाच, की दारूवाल्याला बाटली घरातून हद्दपार करता येते. मला रोज ओट्याशी उभं राहून मुलीसाठी बटाटा कुस्करावा लागतो.

मी इथे आले ती मुलीमुळेच. तेव्हा ती नुकती वाक्यं जोडायला लागली होती. एका दुपारी बाहुल्यांचं घर मांडून बसली होती. बाबा बाहुला कामावर गेला. आजी बाहुली झोपली. मग तिनं आई बाहुली उचलली, दाराच्या मागे नेली आणि तोंड भिंतीकडे करून उभी केली.

"आई काय करते गं तिथे?" मी विचारलं.

"शू!" ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "आई खाते."

मी खिडक्यांच्या कड्या दोनदा तपासणारी बाई आहे. द्राक्षाच्याही फोडी करून देते, न जाणो घशात अडकलं तर. घरात थर्मामीटर दोन आहेत, कारण एकावर माझा विश्वास नाही. या पोरीला काय काय होऊ शकेल हे सगळं माझ्या डोक्यात कायम तयार असतं. आणि जे खरोखर होत होतं, ते माझ्याकडूनच होत होतं.

सुरुवात तिच्या ताटलीत उरलेल्यापासून झाली होती. पावाच्या कडा, अर्धं अंडं, चार घास मऊ बटाटा. टाकायचं जिवावर यायचं म्हणून उभ्याउभ्या तोंडात. उभ्यानं खाल्लेलं खाल्ल्यात धरायचं नाही, असं आम्हा आयांचं काहीतरी ठरलेलं असतं. पुढे पुढे तिच्या ताटलीत काही उरण्याआधीच माझं सुरू होऊ लागलं. मग बिस्किटांचा पुडा. मग दुसरा. रिकामे पुडे मी वापरलेल्या डायपरच्या पिशवीत टाकायचे, कारण तिथे कोणी हात घालणार नाही. आटीव दुधाचा डबा तिच्या झबल्यांच्या खणात. पदवी घेतलेली मी. डबा कुठे लपला जाईल याचा जेवढा अभ्यास केला, तेवढा परीक्षेसाठीही केला नव्हता.

गटात आले तेव्हा मला ऑपरेटरबाई मिळाल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे नव्या माणसाला एक जुनं माणूस सोबतीला देतात. त्यांना रोज सकाळी फोन करून आज आपण काय खाणार ते सांगायचं. सांगितलं तेच, तेवढंच आणि बसून. फोन उचलून त्या कधीच 'हॅलो' म्हणाल्या नाहीत. थेट "बोला" म्हणायच्या, मग आपल्यालाही बोलावंच लागायचं.

मग ऑपरेटरबाई दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेल्या. बाकीचे हळूहळू मोबाइलवरच्या सभेकडे वळले. घरबसल्या होतं, जिना चढावा लागत नाही, पावडर लावावी लागत नाही. मला ते जमणारं नव्हतं. आमच्या घरात कुजबुजलं तरी पलीकडच्या खोलीतून उत्तर येतं. आणि उत्तर सासूबाईंचं असतं.

त्यांना गटाबद्दल सांगितलं त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "कमी खायला शिकवायचा क्लास? अगं, तोंड मिटलं की झालं की! फी किती घेतात?"

"फी नाही घेत, आई."

"मग तर नक्कीच काहीतरी गडबड आहे."

तर अशी मी एकटी उरले. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा कोणीच आलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनवर रडकुंडीला आले होते.

"तू गेलीस ना?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

"गेले, पण..."

"मग सभा झाली. वाचलंस?"

"कोणासमोर वाचू?"

"खुर्च्या होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"मग त्यांच्यासमोर. वाचायचं, बोलायचं, तासभर बसायचं, दिवा मालवायचा आणि घरी जायचं. अगं, एक्स्चेंजमध्ये कधी कधी तास तास बोर्डावर कॉलचा एक दिवा लागायचा नाही. म्हणून आम्ही कानावरचा हेडफोन काढून घरी जायचो का? ज्या वेळी कोणी हाक मारील, त्या वेळी तिथे माणूस पाहिजे."

"मनातल्या मनात बोलले तर नाही का चालणार?"

"बिस्किटं मनातल्या मनात खायचीस का?"

पुढच्या आठवड्यापासून मी खुर्च्यांशी मोठ्यानं बोलायला लागले.

आमची खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. खोली म्हणजे एका मोठ्या हॉलचा तुकडा. मध्ये प्लायवुडची भिंत उभी केलेली, तीसुद्धा छतापर्यंत पोचलेली नाही. वर हातभर फट. पलीकडे शिवणाचा क्लास. मी खुर्च्या मांडायला लागले की पलीकडे सगळ्या मशिनी एकदम घरघरत असायच्या, आणि ते मला बरं वाटायचं. एवढ्या आवाजात माझं कोण ऐकतंय?

पण गंमत अशी, की मी प्रास्ताविक संपवून बोलायला लागले की हळूहळू एकेक मशीन थांबायची. शेवटी एखादीच कुठेतरी टकटक करायची आणि तीही गप्प व्हायची. माझं लक्ष असतं अशा गोष्टींकडे. मी त्याचा विचार केला आणि निष्कर्षही काढला: या वेळी त्यांचं हातशिलाईचं काम चालत असणार. काजं, बटणं, तुरपाई. क्लासला वेळापत्रक असतंच. मी बिनधास्त बोलत राहिले.

आणि काय काय बोलले! माणसांसमोर बोलताना मी नेहमी थोडं राखून ठेवायचे. 'दोन-चार बिस्किटं' म्हणायचे. खुर्च्यांसमोर काय लपवायचं? डायपरच्या पिशवीचं सांगितलं. झबल्यांच्या खणातल्या डब्याचं सांगितलं. मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा तिच्या औषधासोबत द्यायचं बिस्कीट मीच खाल्लं आणि तिला म्हटलं 'संपलं', हेसुद्धा. पलीकडे अगदी चिडीचूप. मला वाटायचं, तुरपाईला फार एकाग्रता लागत असणार.

आणि त्याचा परिणाम होत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. त्या एका तासाच्या जोरावर माझा आठवडा निघायचा. स्वयंपाकघरात हात डब्याकडे जायला लागला की मनात यायचं, हे आता मला तिथे जाऊन मोठ्यानं सांगावं लागेल. हात मागे यायचा. नेहमी नाही, पण यायचा. डबा झबल्यांच्या खणातून गेला. मी बसून जेवू लागले. तो एक तास गेला तर मी पुन्हा दाराच्या मागे जाऊन उभी राहीन, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

आणि तो तास जायची वेळ आली.

वाचनालयाचा मॅनेजर एकदा दाराच्या काचेतून डोकावला. मी आपली खुर्चीशी बोलत होते, हातवारे करत. तो आत आला.

"तालीम का?"

आमच्या गटाचं बाहेर सांगायचं नाही, अशी पद्धत आहे. वाचनालयाच्या नोंदवहीत सुद्धा नुसतं 'मंडळ' लिहिलेलं.

"एकपात्री दिसतंय," तो म्हणाला. "चांगलं आहे. पण जरा रडकं वाटतं हो ताई. मधूनमधून विनोद घाला."

"बघते," मी म्हटलं.

"आणि एक सांगायचं होतं. खोली मंडळांसाठी आहे. मंडळ म्हणजे निदान चार माणसं, असा आमचा नियम. तुमच्या मंडळात मला गेले कित्येक आठवडे तुम्हीच दिसताय. टेबल टेनिसवाले माझ्या मागे लागलेत. महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर मग..."

नाहीतर मग काय, ते त्यानं हातानंच दाखवलं. हवेत एक चेंडू टोलवला.

मी सगळ्या जुन्या सभासदांना फोन केले. एक म्हणाली, गुडघे. एक म्हणाली, बघते, म्हणजे नाहीच. एकानं मलाच मोबाइलवरच्या सभेत यायचं आमंत्रण दिलं. ऑपरेटरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "महिना संपला का?"

"नाही अजून."

"मग आत्तापासून काय रडतेस? जा, खुर्च्या मांड."

महिन्यातली शेवटची सभा आणि मुलीचा वाढदिवस नेमके एका दिवशी आले. शेजारपाजारची मुलं दुपारी येऊन गेली. भिंतींना क्रीमचे हात लागले, फुगे फुटले, एकजण रडत गेला, दोघं मारामारी करून. सगळं आवरेपर्यंत सभेची वेळ झाली. मी पर्स उचलली.

"आज पण?" सासूबाई म्हणाल्या. "पोरीचा वाढदिवस आहे आणि ही निघाली खुर्च्यांना भेटायला."

नवरा कागदी टोप्या गोळा करत होता. "जाऊ दे तिला, आई," तो म्हणाला. मग मला हळूच, "तू जा. खिडकीची कडी मी बघतो." अशा वेळी हा माणूस मला फार आवडतो.

मी जिना चढले तेव्हा टेबल टेनिसवाले आधीच वर येऊन उभे होते. चौघांनी मिळून एक हिरवं टेबल आणलं होतं, घडी घालून, भिंतीला टेकवून. मॅनेजर किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत होता.

"ताई, आजचा शेवटचा. पण यांना मापं घ्यायचीत, तर तुम्ही जरा लवकर आटपा."

"माझा तास पूर्ण होईपर्यंत खोली माझी आहे," मी म्हटलं. आत जाऊन दार लावून घेतलं. खुर्च्या मांडल्या. वाचलं. पलीकडे मशिनी एकेक करून थांबल्या. मी बोलायला लागले.

"आज माझ्या मुलीचा वाढदिवस होता. मुलं केक खात नाहीत. वरचं क्रीम चाटतात आणि पळतात. सगळे गेल्यावर टेबलावर ताटल्यांची चळत होती. प्रत्येक ताटलीत केक. कुठे अर्धा, कुठे नुसता टोकाला कुरतडलेला. दिवसभर मी त्याला हात लावला नव्हता. मी ताटल्या एका ट्रेमध्ये गोळा केल्या. ऑपरेटरबाईंना फोन लावला, तो लागेना. पुन्हा लावला, तरी लागेना. मग मी तो ट्रे उचलून स्वयंपाकघरात नेला. आणि दार पायानं लोटून घेतलं. आत मी एकटी आणि तो केक. मी पहिला तुकडा हातात घेतला. तोंडाजवळ नेला. आणि..."

धाडकन दार उघडलं. मॅनेजर, आणि त्याच्या मागे आडवं धरलेलं हिरवं टेबल.

"माफ करा हं ताई, पण नाटक आता पुरे. ही मंडळी किती वेळ ताटकळणार? तशीही तुमची आजची शेवटचीच..."

"अहो, थांबा!"

आवाज वरून आला. प्लायवुडवरच्या फटीतून. खणखणीत, म्हातारा आवाज.

"तिला पुरं करू द्या! केकचं काय झालं?"

टेबलाच्या चारही कोपऱ्यांना धरलेली माणसं वर छताकडे बघायला लागली.

"आजी, गप बसा ना, कळलं त्यांना," पलीकडून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"कळू दे! आठवडाभर वाट बघायची आणि ऐन वेळी हा कोण मेला दार उघडतो?"

माझ्या अंगातलं रक्त आधी पायांत गेलं आणि मग सगळंच्या सगळं तोंडावर आलं. काजं. बटणं. तुरपाई. एवढी हुशार मी, एवढी बारीक नजर! पलीकडे स्टुलं सरकल्याचे आवाज झाले, व्हरांड्यात चपला वाजल्या आणि दारात बायका उभ्या राहिल्या. गळ्यात मापाच्या टेपा, अंगावर दोऱ्यांचे तुकडे. सगळ्यांत पुढे एक आजी, बोटात अंगुस्तान.

"तुम्ही ऐकत होतात?" मी विचारलं. "सगळं?"

"सगळं," आजी म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आपलं सहज कानावर पडलं. मग मशिनी बंद करून ऐकायला लागलो."

"झबल्यांच्या खणाचं पण?"

"डबा ना? हो तर! तो काढून टाकलास त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवणार होतो. यांनी वाजवू दिल्या नाहीत." आजींनी मागे उभ्या असलेल्या बाईंकडे मान वळवली. त्या शिवणाच्या बाई, क्लास चालवणाऱ्या. उंच, ताठ, ओठांत टाचण्या धरलेल्या. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

पळून जावंसं वाटलं. जिना, रस्ता, घर, कुठेही. पण दारात बायका होत्या आणि त्यांच्या मागे हिरवं टेबल. आणि त्या एका क्षणात, तिथे उभ्याउभ्या, मला दुसरंही काही दिसलं. या बायकांना माझं सगळं माहीत होतं. जे नवऱ्यालाही माहीत नव्हतं ते. तापातल्या बिस्किटाचंसुद्धा. आणि त्यांच्यातल्या एकीच्याही चेहऱ्यावर मला ज्याची आयुष्यभर भीती वाटत आली होती ते नव्हतं. त्यांना फक्त केकचं पुढे काय झालं ते हवं होतं.

मॅनेजरनं घसा खाकरला. "हे बघा, हे प्रेक्षक झाले. नियम मंडळाचा आहे. मंडळात चार माणसं पाहिजेत."

"मग आम्ही काय कापडं आहोत का?" आजी कडाडल्या. "मोज! बसतो आम्ही सगळ्या!" आणि त्या एक खुर्ची ओढून बसल्या.

"नाही, आजी," मी म्हटलं.

हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळत नाही. दोन शब्द गिळले असते तर खोली तेव्हाच माझी झाली असती. पण ऑपरेटरबाईंनी ही खोली ज्यासाठी जपली होती, ते मला ठाऊक होतं.

"ही गोष्ट ऐकायची जागा नाही," मी म्हटलं. "ज्यांना खाणं आवरत नाही आणि ते आवरावं असं वाटतं, त्यांच्यासाठी आहे. तेवढी एकच अट आहे. ज्यांना तसं वाटतं त्यांनी बसा. बाकीच्यांनी कृपा करून जा. आणि इथे कोण बसलं होतं ते बाहेर बोलू नका."

आजी खुर्चीवरून उठल्या. जरा हिरमुसल्या. "मला काही खाण्याचा त्रास नाही गं," त्या म्हणाल्या. "मला गोष्टीचा त्रास आहे."

बायका मागे सरकू लागल्या. एक गेली, दोघी गेल्या. मॅनेजर टेबलवाल्यांना खूण करणार एवढ्यात घोळक्यातून एक मुलगी पुढे आली. कॉलेजच्या वयाची, काडीसारखी बारीक. माझी नजर तिच्यावर दोनदा फिरली असती तरी हिला खाण्याचा त्रास असेल असं मला वाटलं नसतं. ती काही न बोलता खुर्चीवर बसली आणि हात मांड्यांखाली दाबून धरले.

शिवणाच्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्याही आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. ओठांतल्या टाचण्या तशाच.

मॅनेजरनं बोट नाचवलं. "एक, दोन, तीन. तीन होतात, ताई. मी काही वाईट माणूस नाही. पण नियम म्हणजे नियम. चार."

आजी दारातून परत फिरायच्या बेतात होत्या. खोटं बोलायची त्यांची पूर्ण तयारी दिसत होती. मी नकारार्थी मान हलवली. मग टेबलाचा एक कोपरा खाली आला. धप्प.

"अरे, अरे, धर ना!" बाकीचे तिघं ओरडले.

ज्यानं सोडला तो त्यांच्यातला सगळ्यांत आडदांड. टी-शर्टवर खेळाच्या क्लबाचं चिन्ह, मनगटाला घाम पुसायचा पट्टा. त्यानं टेबल नीट भिंतीला लावलं, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे फक्त बायकांसाठी आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

"मॅच झाली की मी..." तो थांबला. "म्हणजे खेळायला येतो ते खरं तर नंतरचं खाण्यासाठीच."

"अरे, तू काय करतोयस?" त्याचा मित्र म्हणाला.

"बसतोय," तो म्हणाला आणि बसला. खुर्ची करकरली. मॅनेजर त्याच्याकडे बघत राहिला, जणू आपलाच चेंडू फिरून आपल्याच कपाळावर बसला होता.

"चार," मी म्हटलं.

"हो, पण... मग हे टेबल मी कुठे ठेवू?"

"डोक्यावर ठेव!" आजी व्हरांड्यातून म्हणाल्या. आणि मग सगळेच हसले, टेबलवालेही. मॅनेजरही शेवटी हसला. जुडगा खिशात टाकला. टेबल वाकडंतिकडं करत जिन्यानं खाली जायला लागलं, प्रत्येक वळणावर शिव्या खात.

दार लावण्याआधी आजींनी डोकं आत घातलं. "आम्ही आता मशिनी चालू ठेवणार. जोरात. एक अक्षर ऐकणार नाही, शपथ. फक्त केकचं तेवढं सांग आणि मग मी जाते."

नियमात बसत नव्हतं. पण मी सांगितलं. त्या चौकटीत उभ्या, आणि आत तीन माणसं गोल बसलेली.

"तुकडा तोंडाजवळ होता. बोटाला लागलेलं क्रीम मी चाटलं, ते लपवत नाही. तेवढ्यात बाहेरून मुलीनं दार वाजवलं. 'आई, काय करतेस?' नेहमी मी म्हणते, काही नाही. आज दार उघडलं. तिला आत घेतलं आणि म्हटलं, आईला हा केक खावासा वाटतोय आणि खायचा नाहीये, तर तू मला मदत कर. तिनं विचारलं, कशी? मी भांड्यांच्या साबणाची बाटली तिच्या हातात दिली. डोळ्यांत जाईल म्हणून हात मात्र मी धरले होते. आम्ही दोघींनी एकेक ताटली साबणानं भरली आणि वरून नळ सोडला. फेसच फेस. तिला वाटलं, अख्ख्या वाढदिवसातला सगळ्यात भारी खेळ हाच. सासूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, अन्नाला साबण? मुलगी म्हणाली, आजी, तू पण ओत. आणि त्यांनीही ओतला. दोनच थेंब. पण ओतला."

आजींनी डोळ्यांना पदर लावला, दार ओढून घेतलं आणि गेल्या. क्षणभरानं पलीकडे एक मशीन सुरू झाली, मग दुसरी, मग सगळ्याच्या सगळ्या. प्लायवुड थरथरायला लागलं.

खुर्च्यांसमोर बोलण्यात मी पटाईत झाले होते. माणसांसमोर गप्प कसं बसायचं ते आता पुन्हा शिकायला हवं होतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"माझं झालं," मी म्हटलं. "आता ज्यांना बोलायचं असेल त्यांनी बोला. कोणी मध्ये बोलणार नाही. कोणी सल्ला देणार नाही. आणि नाही बोललात तरी चालेल. नुसतं बसलात तरी सभा होते."

ती बारीक मुलगी जमिनीकडे बघत होती. खेळाडू मनगटावरचा पट्टा फिरवत होता. खिडकीतून रस्त्यावरचे दिवे लागताना दिसले.

शिवणाच्या बाईंनी ओठांतून एक टाचणी काढली. मनगटावरच्या गादीत खोचली. मग दुसरी. घाई नव्हती त्यांना. तिसरी काढताना त्यांचे ओठ मला पहिल्यांदा नीट दिसले, वर्षानुवर्षं पोलाद धरून कडा पांढरट पडलेले.

"सगळ्यांना वाटतं, शिवणाची सवय आहे," त्या म्हणाल्या. आवाज अनोळखी होता, त्यांच्या स्वतःलाही असावा. "सकाळी उठले की तोंडात टाचण्या घालते. झोपेपर्यंत. टाचण्या असल्या की तोंडात दुसरं काही घालता येत नाही ना."

मशिनींच्या एवढ्या घरघराटातही मला त्या खोलीत चौघांचे श्वास ऐकू येत होते. शेवटची टाचणी बाहेर आली. बाईंनी तोंड मिटलं, उघडलं, जबडा जरा हलवून पाहिला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "नमस्कार. मी बोलते."